साठ शोअर

बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
मी रबराला अंगठ्यानं दाबत होतो.
गॅस्केट, ओ-रिंग, बुश.
मीटर नंतर लावायचा, आधी अंगठा.
पंचेचाळीस शोअर, साठ, सत्तर:
किती दाबलं की वाकतं,
किती वाकलं की परत येत नाही,
ते अंगठ्याला कळायचं. घट्टा पडलाय तिथं,
निवृत्तीनंतरही गेला नाही.

तसाच घट्टा ओजलच्या अंगठ्यावर.
सहा वर्षांची आहे. डावा हात.
पेराच्या वर, दात टेकतात तिथं
कातडी पांढरी, सुरकुतलेली.

शेजारच्या नाखवा काकू म्हणाल्या, कडुलिंब चोळा.
हिनं चोळला. पाला मीच आणला होता
घणसोलीच्या तळ्याकाठून, लपवत नाही.
ओजलनं अंगठा तोंडात घातला, काढला, हुंगला,
माझ्याकडं नाही, माझ्या चष्म्याच्या काडीकडं पाहिलं
आणि फ्रिजमागं जाऊन बसली.
दोन दिवस अंगठा कोरडा. आम्ही खूश.
तिसऱ्या दिवशी मनगटावर दातांची कमान,
वरचे चार, खालचे तीन
(खालचा एक त्याच आठवड्यात पडला होता).

याला आम्ही म्हणायचो,
दोष हलवला, काढला नाही.
लॉट परत.

वाशीच्या नाझनीन मॅडम म्हणाल्या,
तोंड बंद करू नका, तोंडाला काम द्या.
भाकरीची कड. गाजर. जाड लस्सी, नळीनं.
आणि गळ्यात हे सिलिकॉनचं लॉकेट, चघळू दे.
शर्टाची बटणं आधी काढा, गिळेल.
मी लिहून घेत होतो.
त्यांची नजर माझ्या पेनाच्या टोपणावर गेली.
चपटं झालेलं, दातांनी.
त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

तेव्हापासून वही.
तारीख, वेळ, काय चावलं, आधी काय झालं.
मिक्सर: कॉलर.
लिफ्टमधली बाई, कृपया दरवाजा बंद करा: कॉलर, उजवी बाजू.
रिक्षा आज तळवलीकडून वळली:
प्रणोतीची ओढणी, जवळजवळ अर्धी.
प्रणोतीला ऑफिसातून फोन, ती फक्त हो सर, हो सर म्हणाली:
अंगठा, पाऊण तास.
हे हिला दुसऱ्या खोलीत कसं कळलं, लिहायला रकाना नाही.

पहिलं लॉकेट लाल. फेकलं.
दुसरं निळं, मऊ, तिशीच्या आतलं, हातात घेताच कळलं होतं,
तरी मॅडमना कसं सांगायचं म्हणून गप्प बसलो.
नवव्या दिवशी तुकडा पडला. वेळेत दिसला म्हणून बरं.
तिसरं करडं. साठ.
ते तिनं गालाला लावलं, कानाला लावलं, मग दाढेखाली,
आणि तिचे खांदे खाली आले.
एवढे वर असायचे ते, हे मला तेव्हा समजलं.

रोज रात्री ते साबणानं धुतो,
ट्यूबलाइटसमोर धरून, ताणून, चीर शोधतो.
पगार नाही. काम तेच.

सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणी म्हणालं,
एवढी मोठी झाली, अजून तोंडात?
प्रणोती म्हणाली, हो, अजून.
आणि तिळगूळ पुढं केला.

काल दुपारी वॉशिंग मशिन लावलं.
ओजल समोर मांडी घालून. लॉकेट बाजूला पडलेलं,
अंगठा तोंडात.
मी वही उघडली. मिक्सर नाही. पाहुणे नाहीत.
रस्ता बदललेला नाही, कुठं गेलोच नव्हतो.
काचेआड कपडे फिरत होते
आणि त्याच तालावर तिचा गुडघा हलत होता.
आधी काय झालं, या रकान्यावर
बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग लिहिलं: काही नाही. मजेत आहे.

मशिन थांबल्यावर कपडे वाळत घातले.
तिचे चार फ्रॉक, चारही गळे कुरतडलेले.
पाचवा माझा शर्ट.
त्याचीही कॉलर.